पेट्रोलपारखी गुरुजी

मालवणात कशाचाच पारखी नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. सुरमईचा कल्ला उचलून ती काल रात्रीची की आज पहाटेची हे सांगणारे बाजारात पैशाला पासरी. दशावतारात राजाने तलवार कशी उपसली यावरून कंपनी ओळखणारे प्रत्येक जत्रेत भेटतात. हापूसचा देठ हुंगून, हा देवगडचाच की परराज्यातून येऊन देवगडच्या पेटीत बसलेला, याचा निकाल देणारे तर वाडीवाडीत आहेत. आमचे गुरुजी यातल्या कशातच तोंड घालत नाहीत. ते पेट्रोलचे पारखी आहेत.

गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. सडपातळ बांधा, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं: निळं हिशेबाचं आणि लाल दुसऱ्याचा हिशेब तपासण्याचं. त्यांची स्प्लेंडर इतकी जुनी आहे, की तिच्या टाकीवर हिरो आणि होंडा अजून एकत्र नांदतात. या गाडीला गुरुजी वेळेवर आंघोळ घालतात, पावसाळ्यात पडवीत घेतात आणि ती कधी सुरू झाली नाही तर तिच्यावर रागावत नाहीत. राग पेट्रोलवर काढतात.

कंपनीचं नाव ते घेत नाहीत, रंग सांगतात. जगात तीन रंग: नारिंगी, पिवळा आणि लाल. त्यातला एक त्यांचा. तो कोणता हे मी लिहिणार नाही, कारण मलाही याच तालुक्यात गाडी चालवायची आहे. उरलेल्या दोघांपैकी एकाच्या पेट्रोलने ‘गाडी तापता’ आणि दुसऱ्याच्या पेट्रोलने ‘गाडी खाता’. त्यांच्या रंगाच्या पेट्रोलवर मात्र ‘गाडी चलता’. मी एकदा भीत भीत विचारलं, की गाडी बाकीच्या दोन्हींवर पण चालतेच ना? गुरुजींनी चष्म्यावरून पाहिलं. नापास मुलाचा पालक समोर आला की ते असेच पाहायचे.

“चलता आणि चलता ह्येच्यात फरक आसा, बाळा.”

या फरकाला त्यांच्याकडे तीन पुरावे आहेत: वास, आवाज आणि वही.

वासाचा प्रयोग त्यांनी मला करून दाखवला. टाकीचं झाकण उघडलं, डोळे मिटले, नाक खाली नेलं आणि थोडा वेळ समाधी लावली. मग म्हणाले, “ह्या बघ. गोडसर वास. त्यांचो उग्र येता.” मला पेट्रोलचा वास आला. आवाजाचंही तसंच. “आयक. टुकटुकटुक. आणि परवा त्येंचा पेट्रोल होता तेवा कसो येय होतो? टक्, टक्, टक्.” परवा गाडीचा टॅपेट सैल होता आणि काल मेकॅनिकने तो आवळून दिला, ही हकिकत पुराव्यातून वगळण्यात आली.

तिसरा पुरावा मात्र भारी आहे. शंभर पानी वही, उभे रकाने आखलेले, प्रत्येक भरणा तारीखवार. लिटर, रंग, किलोमीटर, सरासरी आणि शेवटी ‘शेरा’. आपल्या रंगाखाली सरासरी 62, परक्या रंगाखाली 55, क्वचित 54. दशांश चिन्हानंतर दोन घरं. अशा वहीपुढे माणूस गप्पच बसतो. मीही बसलो असतो, पण शेऱ्याचा रकाना वाचायची मला खोड आहे. 62 च्या ओळीपुढे शेरा होता: ‘एकटाच. ओरोस. कोषागारात पेन्शनचे काम.’ 55 च्या ओळीपुढे: ‘सौ. सोबत. नारळाचे पोते.’ 54 पुढे: ‘सौ., पोते, शिवाय व्याह्यांकडचा फणस.’ परका रंग म्हणजे सासुरवाडीच्या वाटेवरचा पंप. तिकडे गुरुजी कधीही एकटे जात नाहीत आणि तिकडून कधीही रिकामे येत नाहीत. वहीत जे मोजलं गेलं होतं ते सासुरवाडीचं प्रेम होतं, आणि त्याचं खापर चाळीस वर्षं नोकरी करणाऱ्या गणितज्ञाने एका तेल कंपनीवर फोडलं होतं.

हे मी बोललो नाही. गुरुजींशी वाद घालायचा तर तो कारखान्यापासून सुरू करावा लागतो आणि कारखान्याचा इतिहास त्यांना आपल्यापेक्षा जास्त पाठ आहे. “बर्माशेल म्हंजे बर्माशेल! एस्सो म्हंजे एस्सो!” असं ते हात उडवून म्हणतात तेव्हा कुलदैवतांची नावं घेतल्याचा भास होतो. त्यांचं बालपण त्या पाट्यांखाली गेलं. मग 1974 मध्ये सरकारने एस्सो घेतली आणि हिंदुस्तान पेट्रोलियम उभी राहिली, कॅलटेक्स पुढे तिच्यातच विलीन झाली. 1976 मध्ये बर्माशेल घेतली, तिची भारत पेट्रोलियम झाली. इंडियन ऑइल आधीपासून सरकारचीच. म्हणजे गुरुजींचे तीन रंग गेली पन्नासेक वर्षं एकाच मालकाच्या घरात वाढताहेत. गुरुजींचं यावरही उत्तर तयार असतं: “सख्खे भाव काय एकासारखे आसतत?”

भाऊ एकसारखे नसतील, पण पेट्रोलला तशी मोकळीक नाही. देशात विकल्या जाणाऱ्या पेट्रोलला भारतीय मानक आहे. साध्या पेट्रोलचा ऑक्टेन किमान किती हवा हे त्यात ठरलेलं. एप्रिल 2020 पासून, म्हणजे बीएस-6 आल्यापासून, गंधक दहा लाख भागांत 10 भागांहून जास्त चालत नाही. त्याआधी 50 पर्यंत चालायचं. पाटी कोणत्याही रंगाची असो, या परीक्षेला पेपर एकच. त्यातून मुंबईत माहूलला हिंदुस्तान आणि भारत यांच्या रिफायनऱ्या शेजारी शेजारी आहेत आणि इंडियन ऑइलची तर महाराष्ट्रात एकही रिफायनरी नाही. म्हणून मग तिन्ही कंपन्या आपसात माल देतात-घेतात. ज्याचा डेपो जवळ त्याच्या टाकीतून टँकर भरायचा; लांबून आपलाच माल आणायचा तर वाहतुकीत नफा जायचा. नारिंगी टँकर मालवणच्या वाटेला लागला म्हणून पोटातलं पेट्रोल नारिंगी कारखान्यातलंच असेल, असं काही नाही.

ही गोष्ट गुरुजींच्या घरात सगळ्यात आधी काकींना, म्हणजे वहीतल्या ‘सौ.’ना, कळली, तीही कुठला अहवाल न वाचता. कुडाळला लग्न होतं. वाटेत स्प्लेंडर आचके देऊन थांबली. समोर हाकेच्या अंतरावर पंप होता, पण रंग वाईट. वैशाखातलं ऊन. गुरुजींनी गाडी स्टँडवर लावली, टाकी हलवून पाहिली, पंपाकडे पाहिलं आणि गाडी ढकलायला सुरुवात केली. पंपाच्या दिशेने नव्हे, पंपाला वळसा घालून. मागून काकी, भरजरी साडी एका हाताने उचललेली, दुसऱ्या हातात छत्री.

“अहो, हयच भरा मां वाईच. लगीन लागान जायत.”

“गाडी उपाशी ऱ्हवांदे, पण ह्या पेट्रोल मी तिका घालूचंय नाय.”

पंपावरची पोरं पाईप हातात धरून ही वरात जाताना पाहत राहिली. मंगलाक्षता पडल्या तेव्हा नवराबायको दोन किलोमीटर मागे होती. जेवणाच्या पंगतीत घामाने भिजलेल्या गुरुजींना कुणी तरी कारण विचारलं आणि त्यांनी वाढप्याला थांबवून कारण सांगितलं. तेव्हा काकी पानावरून मान वर न करता म्हणाल्या, “एकाच रापणीचे बांगडे. तिघींनी तीन पाटयेत घेतल्यानी म्हणान कोणाचो समुद्र येगळो होता काय?”

पंगत हसली. मला वाटतं, तेल कंपन्यांच्या आपसातल्या देवाणघेवाणीवर मराठीत याहून नेमकं भाष्य झालेलं नाही.

भरडावरच्या मेकॅनिकने मात्र प्रत्यक्ष परीक्षा घ्यायचं ठरवलं. त्याने कार्ब्युरेटरखालचा स्क्रू सोडून पेट्रोल काचेच्या दोन ग्लासांत काढलं आणि गुरुजींपुढे ठेवलं. “गुर्जीनू, खयचा खयच्या कंपनीचा?” गुरुजींनी ग्लास उजेडात धरले. एकात बोट बुडवलं, बोटावरचं उडून जाताना पाहिलं, फुंकर मारली. दुसऱ्याचं तसंच. मग निकाल: “ह्या आमचा. ह्या त्येंचा. आंधळोय सांगात.” मेकॅनिक म्हणाला, “दोनीय एकाच गाडयेतला.” गॅरेजात शांतता पसरली. गुरुजींनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, “मगे त्या गाडयेत दोनीय कंपन्यांची मिसळ झाली आसा. आणि मी ती ओळखलंय!” मेकॅनिक त्या दिवसापासून वादात पडत नाही, फक्त ऑइल बदलतो.

गोव्याचं प्रकरण निराळं. 2012 मध्ये गोवा सरकारने पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ काढून टाकला आणि दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीकडची जनता टाक्या भरायला हद्दीवरच्या पत्रादेवीपलीकडे जाऊ लागली. पुढे तिथला कर परत वाढला, तरी भाव अजून आपल्यापेक्षा कमी आहे. सीमेवर राहणाऱ्याला ते परवडतं. मालवणाहून पत्रादेवी म्हणजे साठ-सत्तर किलोमीटर. गुरुजी गेले. जाऊन-येऊन दोन लिटर जाळलं आणि टाकीमागे सत्तर-ऐंशी रुपये वाचवले. गणिताच्या शिक्षकाला मी हिशेब सांगायचा म्हणजे अतिप्रसंग, पण राहवलं नाही. ते शांतपणे म्हणाले, “पैशाचो प्रश्न नाय. थयल्या पेट्रोलाचो दर्जाच येगळो.” कर कमी केल्याने पेट्रोलचा दर्जा वाढतो हा सिद्धांत अर्थमंत्र्यांच्या कानावर घालायला हवा.

गुरुजींच्या आयुष्यातला सर्वांत अवघड काळ आला तो नाणारच्या रिफायनरीचा. इंडियन ऑइल, भारत आणि हिंदुस्तान या तिघांनी 2017 मध्ये मिळून एक कंपनी काढली. पहिलीचा निम्मा वाटा, उरलेल्या दोघींचा पाव-पाव. राजापूर तालुक्यातल्या गावांबरोबर आपल्या देवगडातलं गिर्ये आणि रामेश्वरही प्रकल्पात होतं. सगळा जिल्हा दोन तटांत विभागला. एक तट म्हणे, आंबा जाईल, मासळी जाईल. दुसरा म्हणे, पोरं मुंबईला जायची थांबतील. गुरुजींनी तिसरा तट काढला. त्याचे सभासद ते एकटेच. त्यांचा मुद्दा आंब्याचा नव्हता आणि नोकरीचाही नव्हता. वर्तमानपत्र हातात घट्ट धरून ते विचारत होते, “तिघांचा एका भट्टीत कसा शिजतला?” पेट्रोलचे तीन देव एका गाभाऱ्यात बसणार म्हटल्यावर भक्ताची जी अवस्था व्हावी ती झाली. मार्च 2019 मध्ये त्या जमिनीची अधिसूचना रद्द झाली. आंदोलकांनी गुलाल उधळला त्या संध्याकाळी गुरुजींनीही घरी नारळ फोडला. कारण विचारायला कुणी गेलं नाही.

पण एक संकट टळलं तोवर दुसरं आलं. फेब्रुवारी 2023 पासून वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर यायला लागलं आणि दोन-अडीच वर्षांत देशभर तेच झालं. पाचातला एक भाग इथेनॉल! त्यात घाटावरचा ऊसही. मालवणी माणसाला घाटावरून भाजी चालते, दूध चालतं, पण गाडीत कोल्हापूर शिरलेलं गुरुजींना सहन होईना. नाक्यावरच्या रिक्षावाल्याने त्यात तेल ओतलं: “गुर्जीनू, तुम्ही जल्मात घोट घेतलास नाय, पण तुमची गाडी मात्र रोजची झाली.”

इथेनॉल म्हणजे शेवटी दारूतलंच अल्कोहोल. लिटरमागे त्यात पेट्रोलपेक्षा साधारण तिसरा हिस्सा ऊर्जा कमी. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच लिहून ठेवलंय, की जुन्या धाटणीच्या दुचाकीची सरासरी वीस टक्के मिश्रणावर 3 ते 4 टक्क्यांनी घसरेल. गुरुजींच्या वहीत एकट्याने ओरोसला जाण्याची सरासरी 62 वरून 60 वर आली. बरोबर तेवढीच. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या वहीने खरं शास्त्र मोजलं, आणि ते तिन्ही रंगांना सारखंच लागू होतं. गुरुजींनी शेरा लिहिला: ‘आमच्यांनीही आता लक्ष द्यायला हवे.’ हा शेरा लाल पेनाने आहे.

आता माणूस नुसता हेकट असता तर त्याच्यावर एवढं लिहायचं कारण नव्हतं. गुरुजींची खरी मौज सकाळी साडेसातला पंपावर पाहावी. ते लांबून दिसले की पंपावरचा पोरगा मॅनेजरला हाक देतो, “तपासणी इली!” मग धावपळ. गुरुजी गाडी लावतात, चष्मा बदलतात आणि शांतपणे म्हणतात, “घनता बघूया.”

काचेच्या उंच नळकांड्यात पेट्रोल येतं. त्यात तापमापी आणि तरंगती घनतामापी. गुरुजी गुडघ्यावर हात ठेवून वाकतात, डोळा पेट्रोलच्या पातळीला आणतात. वरून बघणाऱ्याला शून्य मार्क, हा शाळेतला नियम. तापमान 30, घनतामापीवर 735. एवढ्यावर पोरगा फलकावरच्या 748 कडे बघून घाबरतो. गुरुजी त्याला तक्ता काढायला लावतात: घनता पंधरा अंशांवर मोजायची असते, मालवणच्या उकाड्यात पेट्रोल फुगतं, तक्त्यातून बदल करून घ्यायचा. 748. चलनावरच्या आकड्यापेक्षा 3 पर्यंत इकडे-तिकडे चालतं, त्यापुढे गेलं तर माल संशयास्पद. मग गाळणकागद: पाईपचं तोंड पुसून कागदावर एक थेंब. उडून गेल्यावर डाग राहिला तर भेसळ. मग वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप. त्यात 25 मिलिलिटरहून जास्त तूट आली तर गुरुजी जागेवर तक्रारवही मागतील हे सगळ्यांना ठाऊक आहे. आणि हे माप मागण्यात काही वेडेपणा नाही. 2017 मध्ये ठाणे पोलिसांनी राज्यभर पंपांवर छापे घातले तेव्हा मशीनच्या पोटात बसवलेल्या चिपा सापडल्या होत्या. लिटरचा आकडा पुरा, पेट्रोल कमी. असली चोरी रंग बघून होत नाही.

रांगेतले लोक वैतागतात, हॉर्न वाजवतात. गुरुजी मागे न बघता म्हणतात, “पावण्यानू, तुमच्यासाठीच करतंय.”

पावसाळ्यात त्यांची तपासणी आणखी कडक होते. आपल्याकडे मुसळधार पाऊस आणि पंपाची टाकी जमिनीखाली. झाकणातून थोडं पाणी शिरलं, तर पूर्वी ते नुसतं तळाला बसायचं. आता इथेनॉल पाण्याला ओढून घेतं आणि पाणी वाढलं की दोघं मिळून पेट्रोलपासून फारकत घेऊन खाली उतरतात. ते गाडीत गेलं की पंप कोणत्याही रंगाचा असो, गाडी बंद. म्हणून पंपवाले गजाच्या टोकाला एक लेप लावून तो टाकीत सोडतात. पाणी लागलं की लेपाचा रंग बदलतो.

एका आषाढात, रात्रभर कोसळून सकाळी जरा उघडीप होती तेव्हा, गुरुजींनी गज टाकायला लावला. गज वर आला. लेपाचा रंग बदललेला. मॅनेजरने तिथल्या तिथे ती टाकी बंद केली, पाईपला ‘विक्री बंद’ची पाटी लावली आणि वर फोन केला. त्या दिवशी निदान पन्नास-साठ गाड्या वाटेत बंद पडायच्या वाचल्या असतील. गावाने गुरुजींचं कौतुक केलं. गुरुजींचा चेहरा मात्र उतरलेला. कारण पंप त्यांच्याच रंगाचा होता.

संध्याकाळी पडवीत आम्ही बसलो होतो. कुणी विषय काढत नव्हतं. शेवटी तेच म्हणाले, “कंपनीचो दोष नाय. झाकणाचा रबर गेल्ला. आणि पाऊस काय कंपनी बघान पडता?”

आतून काकींचा आवाज आला, “ताच मी लग्नात सांगी होतंय.”

गुरुजींनी रंग बदलला नाही. बदलणारही नाहीत. माणसाला कुठल्या तरी बाजूचं असावं लागतं. कुणी ते निवडणुकीत भागवतं, कुणी क्रिकेटमध्ये, गुरुजी पेट्रोलमध्ये भागवतात आणि त्यात कुणाचं डोकं फुटत नाही. महागड्या ‘प्रीमियम’ पेट्रोलबद्दल मात्र त्यांनी मला दिलेला सल्ला सोन्यासारखा आहे. त्यातला ऑक्टेन जास्त असेल तर तो मोठ्या दाबाच्या इंजिनाला हवा, आणि त्यातली द्रव्यं इंजिनाचा आतला मळ धरू देत नाहीत एवढंच. स्प्लेंडरला साधं पुरतं. “जास्त ऑक्टेन म्हंजे जास्त ताकद नाय. ठोका सोसूची शक्ती ती.” हे वाक्य त्यांनी तिन्ही रंगांच्या बाबतीत समान न्यायाने उच्चारलं, याची नोंद व्हावी.

तेव्हा निकाल असा: गुरुजींचा सिद्धांत चूक, रीत बरोबर. साध्या पेट्रोलचा फरक पाटीत नसतो. तो त्या पंपाच्या टाकीत, मापात आणि मॅनेजरच्या नियतीत असतो. ज्या पंपावर गिऱ्हाईक जास्त तिथला माल ताजा आणि ज्या पंपावर गुरुजींसारखा एक जरी माणूस रोज येतो तिथला माल शुद्ध. घनता विचारणं, गाळणकागद मागणं, पाच लिटरचं माप भरून बघणं हा प्रत्येक गिऱ्हाइकाचा हक्क आहे आणि त्याला एक पैसाही पडत नाही. मालवणला आलात तर कुठल्याही रंगाच्या पंपावर बेलाशक टाकी भरा. फक्त पुढे पांढरा शर्ट आणि दोन पेनं दिसली, तर अर्धा तास हाताशी ठेवा आणि हॉर्न वाजवू नका.